सातव्या मजल्याचं दार

बसा असे टेकून. गोष्ट सांगतो म्हणालो होतो ना, तर सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, हिच्यात चोर नाही, खून नाही, कुणी कुणाच्या प्रेमातही पडत नाही. एक माणूस सुट्टीला तळ्याकाठी जातो, बस्स. तंबू ठोकतो, पाण्यात उतरतो, टेकडी चढतो. आणि हे सगळं करताना त्याच्या मनात जे काय चाललेलं असतं, ती गोष्ट. मधे उठायचं नाही. तो माणूस त्या दिवशी एका जागी दोन मिनिटं बसू शकला नाही, निदान आपण तरी बसू.

माणूस लिफ्टचा मिस्त्री. वय चाळिशीच्या पुढं, गुडघे साठीचे. शहरात त्याच्याकडं पस्तीस इमारती, म्हणजे पस्तीस इमारतींतले लोक लिफ्ट अडली की ज्याच्या नावानं शिव्या घालतात तो हाच. चार वर्षं बायकोला सांगत होता, पुढच्या सुट्टीत जाऊ, पुढच्या सुट्टीत नक्की. शेवटी मेहुण्यानंच मनावर घेतलं. गाडी त्याची, तंबू त्यानं भाड्यानं आणलेला, तळ्याकाठच्या सरकारी उद्यानात तेरा नंबरची जागाही त्यानंच राखून ठेवलेली. ह्या मेहुण्याला घरात सगळे कप्तान म्हणतात. तो कधी कशाचा कप्तान नव्हता, नुसती हुकूम सोडायची हौस. तर निघायच्या दिवशी, शनिवारी सकाळी सातला ऑफिसचा फोन. एका इमारतीत सातव्या मजल्याचं दार नीट लागत नाही, लिफ्ट जागची हलत नाही, लोक बोंब मारतायत. इमारत वाटेवरच. कप्तान म्हणाला, अर्धा तास देतो भावोजी, एकतिसाव्या मिनिटाला हॉर्न. आणि खरंच, एकतिसाव्या मिनिटाला त्यानं हॉर्न वाजवायला घेतला तो मिस्त्री खाली येऊन गाडीत बसेपर्यंत काही सोडला नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला तळं दिसलं. पोरगी, नऊ वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात, ती गाडी थांबायच्या आधीच दार उघडून पळाली. कप्तानानं तंबूची तीन टोकं ताणून बांधली आणि चौथ्याची दोरी सापडेना. म्हणाला, भावोजी, तुमच्या पिशवीत बघा, दोरी, वायर, काहीतरी असेलच, नाहीतर कसले मिस्त्री तुम्ही. मिस्त्रीनं हत्यारांच्या पिशवीत हात घातला. न बघता घातला. हाताला पकड लागली, टेस्टर लागला, ग्रीसचं फडकं लागलं, आणि लाल वायर लागली. एक. हात पुन्हा फिरला. तळाशी, कोपऱ्यात, बाजूच्या कप्प्यात. एकच. त्यानं पिशवी गवतावर उलटी केली. पकड, टेस्टर, पाने, फडकं, दोन जुने स्क्रू, एक वायर. वर आभाळ चांगलं निळं होतं, पाण्यावर ऊन चमकत होतं, शेजारच्या तंबूतलं कुणीतरी खळखळून हसत होतं. आणि ह्याच्या पायाखालची जमीन बोटभर खाली गेल्यासारखी झाली, सुटताना लिफ्ट जाते ना, तशी.

आता ती वायर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल एका वायरसाठी एवढं काय. लिफ्टला प्रत्येक मजल्याच्या दाराची खबर असते. एक दार जरी किलकिलं राहिलं तरी ती हलत नाही, नवऱ्याशी भांडलेल्या बाईसारखी बसून राहते. पण दुरुस्ती करताना दार उघडं ठेवूनच तिला वर-खाली करावी लागते. मग मिस्त्री गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जातो, तिथल्या पेटीत दोन ठिकाणी चिमटे लावून हातभर लांबीची लाल वायर जोडतो. ती वायर म्हणजे लिफ्टला मारलेली थाप. सगळी दारं बंद आहेत ग बाई, चल तू. लिफ्ट विश्वास ठेवते आणि चालते. काम झालं की वायर काढायची. नाही काढली, तर लिफ्ट त्या थापेवरच चालत राहते. सातव्या मजल्याचं दार तर आधीच ढिलं, आज नुसतं तात्पुरतं बसवलेलं, त्याचा नवा खटका सोमवारी यायचा होता. म्हणजे दार नुसतं ओढलं की उघडणार, आणि लिफ्ट मात्र तोवर कुठल्या कुठं गेलेली असणार. दाराच्या पलीकडं सात मजले खोल काळोख.

त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रत्येक मिस्त्रीकडं दोन वायरी. आणि वायर एकतर पेटीत, नाहीतर गळ्यात, तिसरी जागा नाही. काम संपवून जिना उतरताना गळ्यात दोन वायरी लोंबत असल्या पाहिजेत, हार घातल्यासारख्या. तेवीस वर्षं हा तसाच उतरला. पण मागं एकदा कप्तानाच्या गाडीपाशी तसाच गेला, तर कप्तान म्हणाला, आले नवरदेव, वाजवा रे. पोरगी हसली, बायकोही हसली. आणि आज निघताना बायको हळूच म्हणाली, तेवढ्या वायरी पिशवीत टाका हो, तो दिवसभर पुरवून पुरवून बोलेल. म्हणून जिन्यातच कुठंतरी, खाली हॉर्न वाजत असताना, ह्यानं गळ्यातलं ओढून पिशवीत कोंबलं. गळ्यातलं म्हणजे काय? एक की दोन? पाचव्या मजल्यावर की चौथ्या? वायर मानेला घासत निघाली एवढं आठवत होतं. किती निघाल्या ते मानेला ठाऊक असेल. ह्याला नव्हतं.

वायर तंबूला लावा ना, कप्तान ओरडला. ह्यानं लावली. आता बघा, तंबू उभा राहिला, छान ताठ, चौथ्या कोपऱ्याला लाल वायर. आणि हा त्याच्याकडं पाठ करून उभा. डोळे मिटून तो मशीनरूममध्ये गेला. पेटी उघडली. चिमटा दाबला, वायर काढली, गळ्यात घातली, पेटी लावली, कुलूप. स्पष्ट दिसलं. इतकं स्पष्ट की जीव भांड्यात पडायला हवा होता. पण लगेच वाटलं, ही पेटी आजची कशावरून? पेटीच्या पत्र्यावर गंज होता, आजच्या पेटीला होता का? कबुतराचं पीस पडलेलं होतं, ते आजच्या मशीनरूममधलं की परवाच्या? तुम्ही रोज दात घासता. आज सकाळी घासलेले आठवतात का? नीट बघा हं आठवून. जे आठवतं ते दात घासणं आठवतं, आजचं नाही. हजारदा केलेली गोष्ट अशी हजार थरांत जाऊन बसते, आणि त्यातला आजचा थर हवा म्हटलं तर हाताला लागत नाही. त्यानं पाच वेळा वायर काढली मनात. पाचही वेळा निघाली. सहाव्यांदा बघायची त्याला भीती वाटली.

आणि सातव्या मजल्यावरची ती बाई. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. सकाळी तो दाराशी वाकला होता, तेव्हा समोरच्या घरातून तिनं पाणी आणून दिलं. कडेवर तान्हं पोर, दाराशी बाबागाडी. ती म्हणाली, दार लवकर करा बुवा, रोज पाचला हिला बागेत नेलं नाही तर रात्रभर जागवते. आणि हसत हसत करून दाखवलं, ही गाडी ना तुमच्या लिफ्टमध्ये सरळ शिरतच नाही, चाकं अडकतात. म्हणून मी काय करते, कोपरानं दार ओढते, आधी मी उलटी आत जाते आणि मग गाडी ओढून घेते. तिनं दोन पावलं उलटी टाकून दाखवली, बाळाकडं बघत, तोंडानं गाडीचा आवाज काढत. बाळ हसलं होतं. मिस्त्रीही हसला होता.

पाचला. त्यानं घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. फोन काढला तर फोनवर सिग्नलची एकही रेघ नाही. ह्या उद्यानाची ख्यातीच ती. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, इथं फोन लागत नाही, माणसांशी बोला. आत शिरताना ते वाचून बायको म्हणाली होती, चला, दोन दिवस तुमचं ऑफिस मेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग उठायचं, गाडी घ्यायची, निघायचं. मीही तेच म्हटलं असतं. पण माणूस तसा लगेच उठत नाही. उठायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं म्हणजे बोलून दाखवायचं की माझ्याकडून वायर राहिली. जे वाक्य त्यानं दुसऱ्याबद्दल एकदा बोललेलं होतं, ते स्वतःबद्दल तोंडातून निघेना. तो मनाशी म्हणाला, दुसरी वायर गाडीत पडली असेल. गाडीत बघितलं. सीटखाली बघितलं, पायपुसणं झटकलं. कप्तान म्हणाला, काय हरवलं? हा म्हणाला, काही नाही. बायकोनं त्याच्याकडं एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. पाण्यात चला, म्हणाली. पोरगी कधीची वाट बघतेय.

तळ्यात पोहायची जागा दोरीनं आखलेली होती, दोरीला पांढरे गोळे. पाणी काठाशी कोमट आणि पुढं एकदम गार. भिंगरीला नुकतंच थोडंथोडं पोहता यायला लागलं होतं, चार हात मारायची आणि पाय टेकवायची. ती पुढं, हा मागं. बाबा, इथं खाली जमीन आहे का, तिनं विचारलं. आहे, हा म्हणाला. चार हात पुढं. इथं? आहे. पुन्हा चार हात. इथं आहे? आहे म्हटलं ना. तो बघत होता पलीकडच्या टेकडीकडं. टेकडीच्या डोक्यावर काहीतरी उंच, खांबासारखं होतं. पोरीनं पाय टेकवायला सोडले आणि तिथं जमीन नव्हती. ती ओरडली नाही. ओरडायला तोंड वर लागतं. पाणी फक्त एकदा बुडबुडलं, आणि जिथं पोरगी होती तिथं केस तरंगत होते. त्यानं केसच धरले, मुठीनं, आणि ओढलं. ती वर आली, खोकली, नाकातून पाणी आलं, आणि ती त्याच्याकडं बघत राहिली. रडली नाही. फक्त म्हणाली, तुम्ही आहे म्हणालात.

काठावर बायकोनं तिला टॉवेलात गुंडाळलं. काही झालं नाही, थोडं पाणी पोटात गेलं, सगळ्यांचंच जातं, कप्तान म्हणाला, मी शिकताना अर्धं तळं प्यायलो होतो. पोरगी हसलीसुद्धा. दहा मिनिटांनी पुन्हा पाण्यात, ह्या वेळी मामाचा हात धरून. पण मिस्त्रीच्या मुठीत ते केस राहिलेच. न बघता आहे म्हणालो. मान न वळवता. पेटीतली वायर लिफ्टला हेच सांगते की, आहे, सगळं ठीक आहे, चल. तो काठावर उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. अंगावरचं पाणी वाळत होतं आणि कातडी ताणल्यासारखी होत होती.

होड्यांपाशी उद्यानाचा रखवालदार बसलेला होता. पायातले बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर. ह्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, फोन करायचा असला तर? रखवालदार म्हणाला, फोन न करायला लोक एवढे लांब येतात. मग म्हणाला, दोन वाटा आहेत. गाडीनं मागं जा, तासाभरानं लागेल. नाहीतर ती टेकडी, चढायला पाऊण तास, वर मनोरा आहे. तिथं मनोऱ्याच्या उत्तरेच्या कठड्याशी उभं राहायचं, हात वर करून. वारा बरा असला तर लागतो. मागच्या महिन्यात एकानं तिथून बायकोशी भांडण केलं, सगळ्या दरीनं ऐकलं.

कप्तानाच्या बेतात टेकडी होतीच, साडेतीनला. मिस्त्री म्हणाला, आत्ताच जाऊ. कप्तान म्हणाला, आत्ता ऊन आहे. हा म्हणाला, ऊन असू दे. कप्तानाला हुकूम देणारा दुसरा कुणी चालत नाही, त्यानं मुद्दाम साडेतीनच वाजवले. पाण्याच्या बाटल्या भरणं, बूट शोधणं, भिंगरीचे केस पुसणं. मिस्त्री तंबूभोवती फिरत होता. मधेच थांबून त्या लाल वायरला हात लावत होता, एकच आहे का, हे बघायला. एकच होती.

वाट झाडांतून जात होती. खोडांवर पिवळा रंग मारलेला, त्या खुणेनं चालायचं. कप्तान प्रत्येक खूण मोठ्यानं मोजत होता. मिस्त्री आधी सगळ्यांबरोबर चालला, मग थोडा पुढं, मग बराच पुढं, मग मागचे आवाज येईनासे झाले. गुडघे कुरकुरत होते. पायाखाली वाळकी पानं, त्यांचा आवाज. आणि पिवळी खूण दिसली की त्याला शिट्टी आठवत होता.

शिट्टी म्हणजे त्याचा जोडीदार. अकरा वर्षं दोघं एकाच खड्ड्यात उतरले, एक लिफ्टच्या डोक्यावर, एक तळाशी. हा जोडीदार काम करताना सारखा शिट्टी वाजवायचा. लोकांना वाटायचं मजेत आहे. तसं नव्हतं. अंधारात आपण कुठं आहोत हे वरच्याला कळावं म्हणून तो वाजवायचा. शिट्टी थांबली की मिस्त्री हाक मारायचा, आणि तो खालून सांगायचा, आहे रे, नाक पुसतोय. चार वर्षांपूर्वी दोघांपैकी एकाला मुकादम करणार होते, आणि सगळे जाणून होते की शिट्टीलाच करणार. हात त्याचाच चांगला होता. आणि एका संध्याकाळी शिट्टी जिना उतरताना ह्याला दिसला, गळ्यात एकच वायर. शिट्टीच्या पोरीचा ताप तीन दिवस उतरत नव्हता, तो घाईत होता. ह्यानं बघितलं. एकच, हे बघितलं. तोंड उघडलं असतं तर एक शब्द पुरला असता. अरे, एकच? शिट्टी तीन मजले चढून वर गेला असता, वायर काढून खाली आला असता, आणि दोघं घरी गेले असते. हा गप्प राहिला. शिट्टी गेला. आणि मग हा ऑफिसात गेला, साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला, त्याच्याकडून वायर राहिली. दुसरा माणूस पाठवला, वायर मिळाली, कुणाला इजा झाली नाही. शिट्टीची नोकरी गेली. हा मुकादम झाला, आणि ऑफिसातल्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, वायर विसरेल तो त्याच दिवशी घरी. मशीनरूमच्या किल्ल्या इमारतींच्या रखवालदारांकडून काढून घेतल्या, त्याही ह्यानंच.

शिट्टी भांडायला आला नाही. पंधरा दिवसांनी पगार न्यायला आला तेव्हा जिन्यात समोरासमोर आले. शिट्टी म्हणाला, "हाक मारली असतीस तर मी वर गेलो असतो." बस्स. खाली उतरून गेला. आता तो त्याच भागात, आज सकाळच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून, कुलपं दुरुस्त करतो. मिस्त्री त्या गल्लीनं चार वर्षांत गेलेला नाही. लांबचा वळसा घेतो. बायकोला सांगितलं होतं, शिट्टीला ऑफिसनं पकडलं.

मनोऱ्यावर पोचला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. खाली तळं नाण्याएवढं दिसत होतं. उत्तरेचा कठडा, हात वर. एक रेघ आली, गेली, आली. त्यानं ऑफिसचा नंबर लावला. पलीकडून रेकॉर्ड वाजलं, आपलं बोलणं नोंदवलं जात आहे. त्यानं फोन बंद केला. हे झालं खरं, मी लपवणार नाही. सातव्या मजल्यावर एक बाई चाळीस मिनिटांनी उलटी पावलं टाकणार होती, आणि ह्यानं फोन बंद केला. कठड्याचं लोखंड तापलेलं होतं, त्यावर त्यानं तळहात दाबून धरला, चटका बसेपर्यंत. मग बोटांनी आपोआप दुसरा नंबर लावला. चार वर्षांत एकदाही लावलेला नव्हता, पण बोटांना पाठ होता. जे बोटांना ठाऊक असतं ते आपल्याला नसतं, आणि कधी उलटं.

"कोण?" शिट्टी म्हणाला.

ह्यानं सांगितलं कोण. पलीकडं कानस घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

ह्यानं भराभर सगळं सांगितलं, इमारत, सातवा मजला, ढिलं दार, बाबागाडीवाली बाई, पाचची वेळ. शिट्टीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वायर राहिली असेल, की राहिलीय?"

"माहीत नाही."

फोन कट झाला. शिट्टीनं केला की वाऱ्यानं नेला, कळलं नाही. रेघ गेली. ह्यानं फोन वर धरला, खाली धरला, कठड्यावर चढला. मागून पावलं वाजली. बायको होती. एकटीच पुढं आलेली, दम लागलेला, हातात त्याची पाण्याची बाटली. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. म्हणाली, खाली उतरा आधी. हा उतरला. आणि तिथंच, उभ्या उभ्या, त्यानं तिला सांगितलं. वायरचं सांगितलं आणि शिट्टीचंही सांगितलं, आधी शिट्टीचं. ती ऐकताना बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. शिट्टीची बायको हिच्याबरोबर बाजारात जायची पूर्वी. नोकरी गेल्यावर तिनं बोलणं टाकलं, आणि ही तिला चार वर्षं गर्विष्ठ म्हणत आली होती.

"चार वर्षं तोंडात गुळणी धरून बसलात," ती म्हणाली. "मी त्या बाईला काय काय बोलले असेन." बाटली त्याच्या हातात दिली. "प्या."

पाच वाजायला सात मिनिटं. पाच वाजले. पाच वाजून चार मिनिटं. कप्तान आणि भिंगरी वर आले, कप्तान काहीतरी विनोद करणार होता, बहिणीचं तोंड बघून बुटाची नाडी बांधायला वाकला. भिंगरी कठड्याशी जाऊन खाली बघायला लागली आणि मिस्त्रीनं तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं, उगाचच, कठडा चांगला छातीएवढा होता. पाच वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला.

शिट्टी धापा टाकत होता. मागं एक बाई तावातावानं बोलत होती. शिट्टी म्हणाला, "दारापुढं बसलोय, खुर्ची टाकून. तुझी बाई मला शिव्या घालतेय, लिफ्ट का अडवली म्हणून. घालू दे. शिव्या घालतेय म्हणजे उभी आहे."

मिस्त्रीनं फोन कानाला आणखी दाबला. मग म्हणाला, कुलूप तोड मशीनरूमचं, तुला काय अवघड आहे, बघ वायर आहे का.

"नाही," शिट्टी म्हणाला. "मी वर जाणार नाही. वायर तुझी, तू काढायचीस. मी इथं बसतो, कितीही वाजू देत. ये तू."

आणि फोन ठेवला. रागानं नाही ठेवला. काम सांगून माणूस ठेवतो तसा ठेवला.

मग मिस्त्रीनं पुन्हा ऑफिसचा नंबर लावला. रेकॉर्ड वाजलं, ह्यानं वाजू दिलं. सुट्टीच्या दिवशी फोन घेणारी पोरगी नवीन होती, नाकात बोलत होती. तिनं विचारलं, काय तक्रार? हा म्हणाला, अमुक इमारतीत पेटीत वायर राहिल्याचा संशय आहे. कुणाकडून राहिली? माझ्याकडून, म्हणाला, आणि नाव सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट. तिच्या कळफलकाचा खडखड आवाज आला. लिहिलं का, त्यानं विचारलं. लिहिलं, म्हणाली. मग म्हणाली, थांबा हं, त्या भागाच्या मुकादमांना कळवावं लागतं. पुन्हा खडखड. मग जरा गोंधळून म्हणाली, "पण मुकादम म्हणून इथं तुमचंच नाव येतंय. त्यांना काय निरोप देऊ?"

मिस्त्री तळ्याकडं वळला. "द्या निरोप," म्हणाला. "म्हणावं, वायर राहिलीय, वर जा."

कप्तानानं काही न विचारता गाडीची किल्ली पुढं केली. जन्मात पहिल्यांदा हुकूम न सोडता. फक्त म्हणाला, दुसऱ्या गिअरला जरा अडकते, दाबून घाला. मिस्त्रीला वाटलं, बायको म्हणेल आम्हीही येतो, तंबू गुंडाळा, संपली सुट्टी. ती म्हणाली, आम्ही राहतो. पोरीला उद्या पुन्हा पाण्यात उतरवायचंय, आज उतरली तेवढ्यावर भीती जात नाही. तुम्ही जा. आणि सोमवारी काय होईल ते सोमवारी. भिंगरीनं विचारलं, बाबा कुठं चाललेत? वर, बायको म्हणाली. पोरगी म्हणाली, आपण तर वरच आहोत.

तो टेकडी उतरला ती वाटेनं नाही, पिवळ्या खुणा सोडून, सरळ धोंड्यांवरून, साठीचे गुडघे घेऊन. नोकरी तर गेल्यातच जमा होती, फळ्यावर त्याचंच अक्षर होतं. ते त्याला दिसत होतं, पण लांबचं दिसत होतं. जवळ दिसत होता एक माणूस खुर्चीवर, पाठीमागं ढिलं दार. शिट्टी तिथं बसून शिट्टी वाजवत असेल का? ह्याला ती ऐकायची होती. ह्याला घाई वायरची नव्हती हो आता, वायर असो की नसो, जिना चढायचाच होता, सात मजले आणि वर गच्ची. घाई होती ती ह्याची, की तो जो बसलाय तो ह्याच्यासाठी बसलाय, आणि माणसाला असं किती वेळ बसवून ठेवायचं.

गोष्ट मी इथंच सोडतो, तो रस्त्यात असताना. तीन तासांची वाट आहे, संध्याकाळची वेळ, सगळे लोक शहराकडं परतणारे. तुम्हीही त्याच रस्त्यानं जाणार आहात म्हणून म्हणतो. पांढरी गाडी आहे, मागच्या दारात पोहायचा ओला टॉवेल अडकलाय, तो फडफडतोय, चालवणाऱ्याला पत्ता नाही. मागून हॉर्न वाजवेल, वाजवतच राहील. वैतागू नका, आरशात बघून शिव्या देऊ नका. जरा डावीकडं घ्या गाडी आणि त्याला पुढं जाऊ द्या.